नाट्यशिक्षक कै. गोविंद बल्लाळ देवल

नाटके लिहिणारे पुष्कळ झाले आणि नाटकात भूमिका करून कीर्ती मिळविणारे त्याहूनही अधिक झाले. परंतु लिहिलेले नाटक नटाच्या वाणीत, नजरेत आणि हातवाऱ्यात कसे उतरवावे, याचे शिक्षण देण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, असे पुरुष महाराष्ट्रात मोजकेच होऊन गेले. त्यांत कै. गोविंद बल्लाळ देवल यांचे नाव अग्रभागी आहे. गणेशोत्सवात, ग्रामदेवतेच्या जत्रेत किंवा एखाद्या संस्थेच्या वर्धापनदिनी हौशी मंडळी संगीत नाटक बसवावयाचे ठरवितात, तेव्हा ‘सौभद्रा’च्या जोडीने ‘संशयकल्लोळ’ हे नाव आजही पुढे येते. फाल्गुनरावाचा संशय पाहून पोट धरधरून हसणाऱ्या प्रेक्षकांना तो फाल्गुनराव रंगविणाऱ्या नटाचे नाव ठाऊक असते. ज्याने तो निर्माण केला, त्याचे चरित्र मात्र फारसे कोणी जाणत नाही. ते थोडक्यात वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बालपण, शिक्षण आणि गुरुलाभ

गोविंदरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी झाला. देवलांचे घराणे सांगलीजवळील हरिपूरचे. कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव तेथील संगमेश्वराच्या देवालयामुळे प्रसिद्ध आहे. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा खेळ करून मराठी रंगभूमीचा पाया घातला, त्या सांगलीच्या परिसरातच गोविंदरावांचे मन घडले. घरात संगीताची आवड होती. त्यांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी पुढे श्रुतिशास्त्राचा सूक्ष्म अभ्यास करून विद्वानांत मान्यता मिळविली. नाद आणि शब्द या दोन्हींचे संस्कार अशा रीतीने गोविंदरावांना लहानपणीच लाभले.

शिक्षणासाठी ते बेळगावास गेले आणि तेथेच त्यांच्या आयुष्याला वळण लागले. त्या वेळी बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावी शिक्षकाचे काम करीत होते. अण्णासाहेबांना नाटकाचे विलक्षण वेड होते आणि ते वेड दुसऱ्याला लावण्याची हातोटीही त्यांच्यापाशी होती. गोविंदरावांना त्यांच्या रूपाने गुरू भेटला. मॅट्रिक झाल्यावर गोविंदराव स्वतःही बेळगावच्या हायस्कुलात शिक्षक झाले. शिक्षकाने शिक्षकाजवळ नाटक शिकावे आणि पुढे नाटकातही शिक्षकच राहावे, असा हा योग होता.

आज नाटकात काम करणाऱ्याची वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात. त्या काळी परिस्थिती अगदी उलट होती. नाटक्या हा शब्द शिवीसारखा उच्चारला जाई. नाटकमंडळीत शिरलेल्या मुलाचे नाव घरात कोणी काढीत नसे. कुलीन घरातील, चार बुके शिकलेल्या, सरकारमान्य शाळेत पगार घेणाऱ्या तरुणाने रंगभूमीकडे वळणे म्हणजे हातची प्रतिष्ठा पाण्यात टाकणे होय, असेच सर्वजण मानीत. ते पाऊल गोविंदरावांनी समजून-उमजून टाकले.

हौशी मंडळींचे दिवस

त्याच सुमारास पुण्यातील काही सुशिक्षित गृहस्थांनी आर्योद्धारक नाटक मंडळी स्थापन केली होती. ही मंडळी पोटासाठी नाटक करणारी नव्हती. पौराणिक खेळांतील राक्षसांचा धुमाकूळ बाजूस सारून शेक्सपिअरसारख्यांची भाषांतरित गद्य नाटके नेमस्तपणे करून दाखवावी, अशी तिची उमेद होती. देवलांचा या मंडळीशी निकट संबंध आला. नट आपली वाक्ये पाठ करून जसा मनास येईल तसा बोलतो, ही जुनी पद्धत सोडून प्रत्येक वाक्याचा अर्थ आधी ठरवावा, मग त्याचा उच्चार ठरवावा, ही शिस्त शिकलेल्या हौशी माणसांत प्रथम रुजली. धंदेवाईक मंडळ्यांनी ती मागाहून उचलली. हौशी रंगभूमीचे हे ऋण सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

इकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग केला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पूर्वी सूत्रधाराने मागे उभे राहून गावे आणि पात्रांनी पुढे हावभाव करावे, अशी रीत असे. अण्णासाहेबांनी गाणे पात्राच्याच मुखी दिले. १८८२ साली ‘सौभद्र’ आले. देवल आपल्या गुरूच्या या उद्योगात तालमीचे सहायक म्हणून राबले. परंतु २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांचे ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. गुरू गेला आणि विद्या पुढे नेण्याचा भार शिष्यांवर पडला.

सात नाटके

देवलांनी उण्यापुऱ्या तीस वर्षांत सात नाटके लिहिली. ‘दुर्गा’ (१८८६) हे सदर्नच्या इंग्रजी शोकनाटकाच्या आधारे, ‘मृच्छकटिक’ (१८८७) शूद्रकाच्या आणि ‘विक्रमोर्वशीय’ (१८८९) कालिदासाच्या संस्कृत नाटकांवरून, ‘झुंझारराव’ (१८९०) शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून, ‘शापसंभ्रम’ (१८९३) बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून आणि ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ (१८९३) हे पाश्चात्त्य प्रहसनावरून त्यांनी रचले. हेच प्रहसन पुढे ‘संशयकल्लोळ’ झाले. सर्वस्वी स्वतंत्र असे त्यांचे नाटक एकच, ते म्हणजे ‘शारदा’ (१८९९).

सातांपैकी सहा नाटके परक्या आधारावर उभी आहेत, म्हणून कोणी नाक मुरडील. पण परभाषेतील नाटक आपल्या घरचे करणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. ‘झुंझारराव’ वाचताना व्हेनिस शहराची आठवण होत नाही आणि फाल्गुनराव तर कोणाही मराठी माणसाला आपल्याच आळीत राहणारा वाटतो. देवलांची भाषा सोपी, घरगुती आणि नेमकी आहे. संस्कृतप्रचुर समासांचा डौल त्यांनी केला नाही. त्यांची पदे म्हणजे बोलता बोलता सूर लागलेली वाक्येच होत. पदामुळे कथा थांबत नाही, उलट एक पाऊल पुढे सरकते.

‘शारदा’ आणि तिचा घाव

‘शारदा’ १८९९ च्या आरंभी किर्लोस्कर मंडळीने इंदुरास प्रथम रंगभूमीवर आणली. पंच्याहत्तरीकडे झुकलेला धनाढ्य भुजंगनाथ, पैशाच्या लोभाने पोटची मुलगी त्याला देऊ करणारा कांचनभट, दलालीवर डोळा ठेवून लग्न जुळविणारा भद्रेश्वर दीक्षित, काहीच न करता येणारी आई आणि या सर्वांच्या मध्ये सापडलेली कोवळी शारदा, असे हे कथानक आहे. कोदंड नावाचा तरुण या विवाहास विरोध करतो. अखेर वधूवर सगोत्र असल्याचे उघड होऊन लग्न मोडते आणि जीव द्यावयास निघालेल्या शारदेला कोदंड वाचवितो.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात केवढे रण माजले होते, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. सभा उधळल्या गेल्या, वर्तमानपत्रांतून शिव्याशाप झाले. देवल त्या रणात व्याख्यान देण्यास उतरले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्या नवरदेवाला रंगभूमीवर उभे केले आणि त्याला हसण्याची संधी प्रेक्षकांना दिली. प्रेक्षक मनमुराद हसले. पण पहिल्या रांगेत बसलेल्या कित्येकांच्या घरीदारी हाच व्यवहार झालेला होता. कांचनभट हा परका माणूस नव्हता. तो भिक्षुकी करणारा, शास्त्राची वचने पाठ असलेला, प्रतिष्ठित समाजातलाच होता. घाव बाहेरच्याने घातला असता तर समाजाने हत्यार उपसले असते. घरच्या माणसाने हसत हसत आरसा पुढे धरला, तेव्हा मान खाली घालण्यावाचून गत्यंतर उरले नाही. जरठ-कुमारी विवाहाची निंदा घरोघर होऊ लागली, त्यात या नाटकाचा वाटा फार मोठा आहे. १९२९ साली बालविवाह-प्रतिबंधक कायदा झाला, त्याला लोक शारदा कायदा म्हणू लागले. वस्तुतः ते नाव हरबिलास सारडा या गृहस्थांवरून आलेले. परंतु देवलांच्या शारदेवरूनच कायद्याचे नाव पडले असा समज महाराष्ट्रात कित्येकांचा झाला. समज चुकीचा खरा, पण नाटककाराला याहून मोठे मानपत्र कोणते मिळणार?

तालीममास्तर देवल

नाटककार म्हणून देवल थोर होतेच, पण त्यांच्या समकालीन नटांना ते अधिक आठवत ते तालीममास्तर म्हणून. वाक्य कोठे तोडावे, कोणत्या शब्दावर जोर द्यावा, दुसरे पात्र बोलत असता आपण काय करावे, पदाच्या आधीचे वाक्य कोणत्या सुरात संपवावे म्हणजे पद ओढून आणल्यासारखे वाटणार नाही, अशा शेकडो बारकाव्यांकडे त्यांची दृष्टी असे. गद्य नट आणि गायक नट असा भेद त्यांच्या तालमीत नव्हता. गळा गोड आहे म्हणून बोलणे ढिसाळ चालेल, ही सवलत त्यांनी कोणालाही दिली नाही.

नारायणराव राजहंस उर्फ बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, तेव्हा गाण्याची दैवी देणगी त्यांच्यापाशी होती. अभिनय मात्र शिकावयाचा होता. तो शिकविणाऱ्यांत देवल प्रमुख होते. पुढे १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हाही देवलांच्या शिक्षणाचा लाभ त्या मंडळीस झाला.

‘संशयकल्लोळ’

याच मंडळीसाठी देवलांनी आपले जुने गद्य प्रहसन पुन्हा हाती घेतले आणि त्यात पदे घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ सिद्ध केले. या कथेचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. फ्रान्समधील मोलिएरने १६६० साली एक लहानसे प्रहसन लिहिले. त्याच कल्पनेवर आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने १७६१ साली इंग्रजीत ‘ऑल इन द राँग’ हे नाटक रचले. ते देवलांनी मराठीत असे काही आणले की मूळ कोठले याची चौकशी करण्याचेही कोणास सुचू नये. पात्रांची नावे त्यांनी महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून ठेविली. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ आणि भादव्या हे महिने. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा ही नक्षत्रे. पंचांग घरोघर असलेल्या समाजाला या नावांतच गंमत वाटावी, ही योजकता खरोखर कौतुकास्पद आहे.

कथानक एका तसबिरीभोवती फिरते. अश्विनशेठने रेवतीला आपली तसबीर दिलेली असते. वाटेत रेवतीला घेरी येते; फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची पत्नी कृत्तिका पाहते आणि तिच्या मनात संशय शिरतो. खाली पडलेली तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. ती तिच्या हाती पाहून फाल्गुनरावाला संशय येतो. तीच तसबीर फाल्गुनरावाजवळ दिसताच अश्विनशेठला रेवतीचा संशय येतो. कोणीही खोटे बोलत नाही, कोणीही दुष्ट नाही, प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच पाहिलेले असते. आणि तरीही सर्वांचे सर्व चुकलेले असते.

हौशी मंडळी या नाटकावर लुब्ध का होतात, याची व्यावहारिक कारणे उघड आहेत. राजवाडे, रथ, मुकुट यांचा खर्च नाही. रस्ता आणि दोन-तीन घरे एवढ्या देखाव्यांत काम भागते. गाणारी उत्तम माणसे दोन मिळाली, म्हणजे अश्विनशेठ आणि रेवती, तर बाकीच्यांना बोलता आले की पुरे. पेटी आणि तबला कोणत्याही गावात मिळतो. परंतु सोपे दिसणारे हे नाटक जितके फसवे आहे तितके दुसरे नसेल.

प्रस्तुत लेखकाने शिक्षकी पेशात असता सहकाऱ्यांच्या हौशी प्रयोगांत पडद्याआडून वाक्ये पुरविण्याचे काम कित्येक वर्षे केले आहे. तेथून जे दिसते ते खुर्चीवर बसून दिसत नाही. फाल्गुनरावाची भूमिका करणारा तोंडे वेडीवाकडी करू लागला, पदरची वाक्ये घालू लागला की पहिली पाच मिनिटे हशा पिकतो आणि मग प्रेक्षक थंड पडतात. उलट, आपली बायको खरोखरच आपल्याला फसवीत आहे असे मनापासून मानून, दुःखाने आणि संतापाने जो बोलतो, त्याला प्रत्येक वाक्याला हशा मिळतो आणि तो अखेरपर्यंत टिकतो. विनोद पात्राला कळता कामा नये. तो प्रेक्षकाला कळावा. देवलांच्या लेखणीतच ही तालीम बसविलेली आहे. ज्यांनी संहिता जशी आहे तशी, स्वच्छ आणि वेळेवर म्हटली, त्यांचा प्रयोग देवलांनी स्वतः बसविल्यासारखा उभा राहतो. पदांचेही तेच. तान लांबवून टाळ्या मिळविता येतात, पण तेवढ्यात तसबीर कोणाच्या हाती होती हेच प्रेक्षक विसरून जातो.

आणखी एक गोष्ट हशाच्या गडबडीत निसटून जाते. रेवती ही नायकिणीची मुलगी आहे. एकाशी निष्ठेने संसार करावा, एवढीच तिची इच्छा. आणि अश्विनशेठचा पहिला संशय येतो तो तिच्याच निष्ठेवर. तिचे कुळ आठवले की तिचा शब्द खोटा वाटतो. कृत्तिका तर विवाहित, कुलीन स्त्री. पण तिच्याही शब्दावर नवऱ्याचा विश्वास नाही. ‘दुर्गा’तील नायिका, ‘मृच्छकटिका’तील वसंतसेना, ‘झुंझाररावा’तील निरपराध पत्नी, ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळा’तील या दोघी यांच्याकडे एकत्र पाहिले म्हणजे देवलांच्या मनातील धागा सापडतो. जिचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही अशा स्त्रीची बाजू त्यांनी जन्मभर मांडली. कधी अश्रूंनी, कधी हास्याने. संशयाने ‘झुंझाररावा’त प्राण घेतला आणि ‘संशयकल्लोळा’त हसू आणले. रोग एकच. पहिल्यात कोणी खुलासा वेळेवर ऐकला नाही, दुसऱ्यात तो ऐकला गेला, इतकाच फरक आहे.

अखेर

या संगीत अवताराचे यश पाहणे मात्र देवलांच्या नशिबी नव्हते. १४ जून १९१६ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी पुढे गंधर्व मंडळीने ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव यांनी महाराष्ट्र वेडा केला. टाळ्यांचा कडकडाट चालू असता ज्याने हे सारे शिकविले तो मास्तर तेथे नव्हता. शिक्षकाच्या आयुष्यात हे नेहमीच घडते. विद्यार्थी परीक्षेत उतरतो तेव्हा शिक्षक मंडपाबाहेर असतो.

त्यांच्या पश्चात मराठी रंगभूमीने अनेक स्थित्यंतरे पाहिली. बोलपट आले, नाटकमंडळ्यांची बिऱ्हाडे मोडली, स्त्रीभूमिका स्त्रियांकडे आल्या, संगीत नाटकाला ओहोटी लागली. पण सांगली-मिरजेपासून गोव्यातील देवळांच्या प्रांगणापर्यंत हौशी मंडळींनी संगीत नाटकाचा दिवा विझू दिला नाही, आणि त्या दिव्यात देवलांचे तेल पुष्कळ आहे. देवलांची पुण्यतिथी नाट्यव्यवसायी आणि हौशी रंगकर्मी आजही आदराने पाळतात, ते योग्यच आहे.

सत्ता नाही, संपत्ती नाही, पदवी नाही. एक मॅट्रिक झालेला शिक्षक होता. त्याने सात नाटके लिहिली आणि बोलावे कसे, हे मराठी नटाला शिकविले. समाजाच्या एका दुष्ट रूढीला त्याने हसून लाजविले आणि आपल्या माणसांवर डोळे मिटून संशय घेणाऱ्यांना त्यांचेच रूप दाखविले. आपल्या गावची हौशी मंडळी पुढच्या वेळी ‘संशयकल्लोळ’ बसवतील, तेव्हा नांदी होण्यापूर्वी क्षणभर या मास्तरांचे स्मरण करावे आणि मग त्यांच्या शब्दांना धक्का न लावता प्रयोग करावा. त्यांना याहून प्रिय अशी गुरुदक्षिणा दुसरी नसेल. कै. गोविंद बल्लाळ देवल यांच्या पुण्यस्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो.